आठ पाकळ्यांची रवी

आमच्या घरात कोंबड्याच्या आधी रवी जागी व्हायची. मी अंथरुणात डोळे मिटून पडलेली असायचे आणि पडवीतून तो आवाज यायचा, एकदा घर्र असा ओढल्याचा, एकदा घम्म असा परतल्याचा. सुरुवातीला दही घट्ट असलं की आवाज जड यायचा आणि माय दमानं ओढायची. दही मोडलं की रवी हलकी व्हायची, हाताला वेग यायचा. शेवटी लोणी धरायला लागलं की आवाज पुन्हा बदलायचा, खाली बसायचा. तो तिसरा आवाज आला की मी उठायचे. तोंड न धुता, झिपऱ्या तशाच, मायच्या पुढ्यात जाऊन तळहात पसरायचे. माय म्हणायची, आली बघा दुसरी मनी. पहिली मनी म्हणजे आमची मांजर, ती माझ्याआधीच डेऱ्याशी येऊन बसलेली असायची.

पडवीत एक बाभळीचा खांब होता. छपराला आधार म्हणून नव्हे, नुसता घुसळण्यासाठी रोवलेला. त्याच्या पायाशी चिंध्यांच्या चुंभळीवर मातीचा मोठा डेरा बसवलेला. डेऱ्यात रवी उभी, आणि तिचा दांडा दोन फासांनी खांबाला अडकवलेला, म्हणजे ती जागच्या जागी फिरावी, कलू नये. दांड्याला दोरीचे वेढे आणि दोरीची दोन टोकं दोन हातांत. उजवं ओढलं की डावं पुढं जातं, डावं ओढलं की उजवं. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं. मी सात-आठ वर्षांची असताना मायची पाठ वळलेली बघून ओढायला गेले होते, तर रवीनं डेऱ्याच्या काठाला दणका दिला आणि मायनं माझ्या पाठीत. डेरा फुटला असता तर पाटोद्याच्या बाजारापर्यंत दुसरा मिळाला नसता.

दोरी जिच्या हातात असेल तिच्या तळहातावर लोण्याचा पहिला गोळा यायचा, ही आमच्या घरची रीत. तिनं तो देवापुढं धरायचा, मग त्यातून बोटभर बोटभर सगळ्यांना द्यायचं. कढवायला किती, शेजारी ताक किती, कुणाच्या घरी विरजण द्यायचं, सगळं तिनंच ठरवायचं. आबा, म्हणजे माझे वडील, शेताच्या बांधावरून भावकीशी हमरीतुमरीवर येणारे माणूस, पण ताकाच्या बाबतीत तोंड उघडत नसत. ताक विकायचं नाही, मागायला आलेल्याला परत पाठवायचं नाही. सकाळी दारात बायांची रांग लागायची. बौद्धवाड्यातल्या बाया आल्या की माय ताकाची धार वरून धरायची, भांड्याला भांडं लागू द्यायची नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसायचं नाही. पुढं शाळेत शिकवायला लागले, आणि तशाच बायांच्या नाती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायला लागल्या, तेव्हा ती वरून पडणारी धार आठवून माझी मान खाली जायची.

मायनं मला शब्द दिला होता. तिचा उजवा खांदा दुखायचा, घागरी वाहून वाहून निखळल्यासारखा झाला होता. एकदा दोरी सोडून खांदा चोळत ती म्हणाली होती, पुढल्या उन्हाळ्यात दोरी तुझ्या हातात देते, माझा खांदा काय आता ऐकत न्हाई. तिच्या लेखी ते सहज बोलणं असेल. मी मात्र ते शाळाभर सांगितलं. रिकाम्या खांबाला जुनी सुतळी बांधून हात बसवून घेतला. तेरा वर्षांची होते, अभ्यासात बरी होते, दिसायला काळी-सावळी, आणि आपल्या वाट्याला एक गोष्ट येणार आहे एवढ्यावर मी ते वर्ष काढलं.

आणि मधेच भाऊचं लग्न झालं. भाऊ म्हणजे माझा थोरला, एकुलता एक. मुलगी धारूरकडची, डोंगरातली, नाव गया. तिच्या माहेरी गुरं भरपूर. रुखवतात भांडी होती, पाट होते, शेवया होत्या आणि सगळ्यांच्या वर एक रवी ठेवलेली होती. तिच्या बापानं स्वतः कोरलेली. आमच्या रवीला चार पाकळ्या, त्याही झिजून बोथट. हिला आठ, एकाआड एक लहानमोठ्या, आणि दांड्यावर बांगड्या भरल्यासारख्या बारीक रेघा. रुखवत बघायला आलेल्या प्रत्येक बाईनं ती हातात घेऊन फिरवून बघितली. मायनंही घेतली. तिनं ती दोन्ही तळव्यांमधे धरून फिरवली आणि हसली, ते हसणं मला आवडलं नाही.

हळद उतरायच्या आत वैनी पडवीत बसली. माय म्हणाली, गया, धर बघू दोरी, डोंगरातल्या पोरीचा हात बघू दे. जुनी रवी खुंटीला गेली, नवी डेऱ्यात आली. मी खांबाला टेकून उभी होते, मनातल्या मनात म्हणत होते, सांडू दे, डेरा फुटू दे, निदान दोरी तुटू दे. काही झालं नाही. वैनी मांडी घालून बसली आणि ओढायला लागली, तेव्हा तिचे खांदे हलतच नव्हते, नुसती मनगटं. मधेच ती थांबली, डोकं वाकवून डेऱ्याला कान लावला, आणि म्हणाली, आत्याबाई, आता गार पाणी. मायनं तांब्या दिला. वैनीनं थोडं ओतलं, दहा-बारा वेढे ओढले आणि लोणी वर आलं, पिवळं नाही, पांढरं नाही, त्या दोन्हींच्या मधलं. मायला जे व्हायला पार उजाडायचं ते हिनं तांबडं फुटायच्या आत केलं. पहिला गोळा मायनं तिच्या तळहातावर ठेवला. मला दिलेला शब्द कुणाला आठवलाही नाही.

आता लोकांना वाटेल, पोरसवदा हट्ट. तो हट्ट नव्हता. मी वैनीला पाण्यात बघायला लागले. तिचं सगळं डोळ्यांत सलायचं. आबा, ज्यांनी आयुष्यात कुणाला बरं म्हटलं नाही, ते जेवताना म्हणायचे, आज ताक कुणी केलंय, परत घाला. मनी मांजर माझ्या अंथरुणात झोपायची ती आता वैनीच्या पायाशी झोपायला लागली. तूप कढवल्यावर कढईच्या बुडाशी जी खरपूस बेरी राहते ती गूळ घालून खायची माझी एकटीची मक्तेदारी होती. आता माय म्हणायची, अर्धी गयाला ठेव. वैनी लगेच म्हणायची, राहू द्या, वन्संना द्या सगळी. तिनं असं चांगलं वागलेलं तर मला मुळीच सोसायचं नाही. ती एकदा तरी भांडली असती, माझी वेणी ओढली असती, तर माझं निम्मं जळणं तिथंच विझलं असतं.

सगळ्यात वाईट म्हणजे माय आणि ती. दोघी गोठ्यात एकत्र, चुलीपाशी एकत्र, ओढ्यावर एकत्र. वैनीला आई नव्हती, ती लहान असतानाच गेली होती. माय तिच्या डोक्याला तेल लावायची आणि कसलं कसलं विचारायची. मी दारात उभी राहिले की म्हणायची, तुझा अभ्यास झाला का. माझी माय माझ्यादेखत दुसरीची होत चालली होती आणि दुसरीला त्याची जाणीवही नव्हती, असं मला वाटायचं. माझं वय आज पासष्टीच्या पुढं आहे, नातवंडं आहेत, आणि हे अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. लोक म्हणतात वय झालं की माणूस निवळतं. माझं तरी तसं काही झालं नाही.

त्या वर्षी पाऊस गेला. आधीच्या वर्षीही धड नव्हता, पण त्या वर्षी मृग गेला, आर्द्रा गेली, आणि आभाळ कोरडंच राहिलं. विहिरीचा तळ दिसायला लागला. भाऊ पाझर तलावाच्या कामावर जायला लागला. घरात सरकारी लाल जवारी आली. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशाखाली उतरायची नाही. ताकात कुस्करली तरच जायची. म्हणून ताक मागायला येणाऱ्या बायांची रांग वाढली आणि डेऱ्यातलं ताक कमी झालं. चार म्हशींपैकी तीन विकल्या, एक चांदी तेवढी राहिली. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. तिचं दूध रोजच्या घुसळणीला पुरेना. तीन दिवसांचं विरजण साठवायचं आणि चौथ्या दिवशी घुसळायचं, असं सुरू झालं.

त्याच सुमाराला गावात दूध सोसायटी निघाली. चावडीशेजारच्या खोलीत दोन मोठे कॅन, एक काचेची नळी आणि वही घेऊन बसलेला एक माणूस. सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं, ते गाडीनं पाटोद्याला जायचं. जुन्या बाया नाकं मुरडायच्या, दूध इकायचं म्हंजी काय, तूप इका. पण सोसायटी दूध घालणाऱ्याला सरकीची पेंड द्यायची, आणि दुष्काळात चांदीसारख्या म्हशीला पेंड मिळणं म्हणजे तिचा जीव वाचणं. आबांचं मन तिकडं ओढ घेत होतं. माय अडून बसली होती. घुसळण बंद झाली तर पोरं कोरडी भाकरी खातील, दारातल्या बाया रिकाम्या जातील, आणि गयाच्या हाताला लोणी हाय, ते वाया कावून घालवायचं, असं तिचं म्हणणं. शेवटी आबा म्हणाले, लोणी येतंय तंवर घुसळा, न्हाई आलं की दूध सोसायटीला. एवढ्यावर ते मिटलं.

उन्हाळ्यात लोणी यायला गार पाणी लागतं. दही मोडून लोण्याचे कण तरंगायला लागले की नेमक्या वेळी गार पाणी घालायचं, म्हणजे कण आखडतात आणि गोळा धरतात. पाणी कोमट असलं तर कण विरघळतात, ताकावर नुसता तेलकट तवंग येतो, हाताला काही लागत नाही. विहिरीचं पाणी तर वैशाखात गार राहायचं नाही. म्हणून वैनी आदल्या संध्याकाळी मातीचं लोटकं भरायची, त्याला ओलं फडकं गुंडाळायची आणि वाऱ्याला खिडकीत टांगायची. पहाटे त्यातलं पाणी दातांना झोंबायचं. ही तिची डोंगरातली युक्ती. मायलाही ती माहीत नव्हती.

त्या पहाटे मी वैनीच्या आधी उठले. चुलीच्या मागच्या तोंडावर रात्रभर राखेच्या उबेत पाण्याचं पातेलं असायचं. मी खिडकीतलं लोटकं काढलं, गार पाणी चांदी म्हशीच्या घमेल्यात ओतलं, म्हणजे वायाही गेलं नाही, तेवढी अक्कल होती, आणि लोटक्यात पातेल्यातलं भरलं. फडकं बाहेरून ओलंच होतं, बोट लावलं तर गारच लागलं असतं. परत टांगलं आणि अंथरुणात जाऊन पडले. रवीचा पहिला आवाज आला, दुसरा आला. वैनी थांबली, कान लावला असेल. पाणी पडल्याचा आवाज आला. मग रवी फिरत राहिली, फिरत राहिली, आणि तो तिसरा आवाज आलाच नाही. मी पांघरुणात तोंड खुपसून हसले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, की मी हसले होते.

उठून गेले तेव्हा वैनी डेऱ्यात हात घालून बसली होती. बोटांवर तेल, बाकी काही नाही. माय म्हणाली, होतं एखाद्या वेळेस, ऊन लई हाय. चार दिवसांनी मी पुन्हा तेच केलं. या वेळी मला राहवलं नाही, मी दारात येऊन उभी राहिले. वैनीनं लोटकं वाकवलं, थोडं पाणी तिच्या मनगटावर सांडलं, आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. तिनं वर बघितलं. मी मांजराकडं बघायला लागले. ती ओढत राहिली, आणि लोणी आलं नाही.

दुपारी सोनाकाकू ताकाला आल्या. त्या आबांच्या चुलत भावजय, शेजारच्याच घरात राहायच्या, आणि त्यांच्या तोंडातून निघालेलं संध्याकाळपर्यंत वेशीला लागायचं. त्यांनी डेऱ्यात वाकून बघितलं. तवंग बघून पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "हिच्या पावलानं पाऊस गेला. आता लोणी बी गेलं." वैनी तिथंच जात्याशी बसली होती. तिनं मान वर केली नाही. आणि मला, खरं सांगते, एकदम गार वाटलं. माझ्याशी कुणाचा संबंधच नव्हता त्यात, बोट परस्पर वैनीच्या पावलाकडं गेलं होतं.

त्या संध्याकाळी माय आणि वैनी गोठ्यात बराच वेळ बोलत बसल्या होत्या. मी दारातून बघितलं. वैनी हळू आवाजात काही सांगत होती, मायचा हात तिच्या गुडघ्यावर होता. मला काही ऐकू आलं नाही, आणि ऐकायचंही नव्हतं. माझ्या मनात एवढंच आलं, की एवढं झालं तरी मायचा हात हिच्याच गुडघ्यावर. वैनी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. गोठ्यात धुरी केलेली होती, त्यानं झाले असतील असं मी धरून चालले.

पुढच्या घुसळणीला मायनं सोनाकाकूंना मुद्दाम बोलावून घेतलं. आठ पाकळ्यांची रवी तिनं स्वतः काढली, धुतली आणि माळ्यावर टाकली. खुंटीवरची जुनी रवी डेऱ्यात घातली. मग मला हाक मारली, म्हणाली, बस, दोरी धर. लोटकं तिनं रात्री आपल्या उशाशी ठेवलं होतं. मी बसले. सुतळीवरचा सराव कामाला आला, रवी काठाला लागली नाही. दही मोडलं, आवाज बदलला. मी कान लावला नाही, मला त्यातलं काय कळणार. मायनंच बघून पाणी घातलं. पाणी बर्फासारखं होतं. आणि लोणी आलं, गोळाच्या गोळा. सोनाकाकू म्हणाल्या, बघा, पोरीच्या हाताला कसं आलं, मी म्हणलं नव्हतं का. मी तळहात पसरला. मायनं रवीवरचं लोणी आपल्या बोटांनी निपटलं आणि सरळ गाडग्यात टाकलं. माझा हात तसाच राहिला. ती म्हणाली, ऊठ, शाळेला उशीर होतोय. मला वाटलं, घाईत विसरली.

माझ्या आयुष्यात दोरी हातात आली ती तेवढी एकदाच. आबांनी सगळं ऐकलं आणि ते चिडले. म्हणाले, सुनेला तुमी बसू देत न्हाई, तुमचा खांदा गेलेला, पोर काय जल्मभर हितं घुसळत बसणार हाय? दुसऱ्या दिवसापासून चांदीचं दूध सोसायटीला गेलं. डेरा परसात नेऊन पालथा घातला. काही दिवसांनी त्यात राख भरायला लागले. दारातल्या बाया दोन-चार दिवस येऊन बघून गेल्या आणि मग यायच्या थांबल्या. आम्ही लाल जवारीची भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली. पेंड खाऊन चांदी तगली, हे मात्र खरं. सोसायटीला दूध घालायला दोन्ही वेळा वैनी जायची, कासंडी कमरेवर घेऊन, खाली बघत. गावात कुणाची म्हैस व्याली की खरवस घरोघर जायचा, आमच्याकडंही यायचा, पण वैनीच्या हातचं विरजण कुणी नेईना. लगीनघरी तिला हळद दळायला कुणी हाक मारीना. मी हे बघत होते. तिला कुणी बोलावत नाही आणि मला बोलावतात, हे मला तेव्हा बरं वाटायचं.

चार वर्षांनी माझं लग्न ठरलं. रुखवत मांडताना मी माळ्यावर चढले आणि वैनीची रवी खाली काढली. म्हणाले, मला हीच पाहिजे. वापरायची म्हणून नव्हे, सासरीही दूध सोसायटीलाच जायचं. मला ती पाहिजे होती, कारण ती तिची होती. माय वैनीकडं बघत राहिली. वैनीनं रवी घेतली, तेल लावून चोळली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि माझ्या ट्रंकेत ठेवली. पुढं मला मास्तरीण म्हणून नोकरी लागली, आम्ही बीडला राहायला आलो, घर बांधलं, आणि ती रवी दिवाणखान्याच्या भिंतीवर लागली. येणारे-जाणारे हात लावून बघायचे. मी सांगायचे, माझ्या माहेरची.

दुष्काळ सरला, वर्षं गेली, आणि बायकांची दूध सोसायटी निघाली तेव्हा वैनी तिची चेअरमन झाली. इतकी वर्षं कासंडी घेऊन चावडीला जाऊन जाऊन तिला त्यातलं सगळं कळायला लागलं होतं. बोटावर दूध घेऊन ती सांगायची, यात पाणी हाय, आणि काचेची नळी नंतर तेच सांगायची. खुर्चीवर बसलेला तिचा फोटो भाऊनं घरात लावला. मी माहेरी गेले की तो फोटो बघायचे आणि आमच्या मुख्याध्यापिकेच्या खुर्चीची आठवण काढायचे, जी मला मिळता मिळता राहिली होती. म्हणजे बघा. पायगुणाचं बोलणं मात्र त्यानंतर कुणाच्या तोंडून ऐकू आलं नाही.

माय गेली, मग भाऊ गेला. वैनी आता गुडघ्यांनी अडून असते, दारातल्या खाटेवर बसून सोसायटीला जाणाऱ्या सुनांना सूचना देते. गेल्या उन्हाळ्यात मी गेले होते. दोघीच होतो. मी निघायला लागले की दर वेळी ती म्हणायची, राहा की वन्सं आजची रात, आणि मी दर वेळी काहीतरी कारण सांगून निघायचे. त्या दिवशी निघायच्या आधी मलाच काय झालं कोण जाणे. म्हटलं, वैनी, ते लोटक्यातलं पाणी मी बदललं होतं.

"ठावं हाय की," वैनी म्हणाली. "मनगटावर सांडलं तवाच कळलं. कोमट व्हतं."

"मग बोलला कावून न्हाई?"

"बोलले. आत्याबाईला गोठ्यात सांगितलं, त्याच सांजेला."

मी तिच्या शेजारी खाटेवर बसले. वैनी शेंगा सोलत होती, ती थांबली नाही. मायनं काय म्हटलं, ते तिनं जसंच्या तसं सांगितलं, मायच्याच आवाजात. "म्हणल्या, गया, तू तर घरात आलीस, तुला आता कोण काढतंय. तिचं अजून व्हायचंय. नणंद अशी हाय म्हणून गावात झालं तर तिला कोण करून घेईल? चार दिवस लोक तुला बोलतील, मंग इसरतील." एवढं सांगून तिनं शेंगांची टरफलं पदरातून झटकली. "इसरले. बावीस वर्सं लागली."

त्या गोठ्याच्या दारात उभी राहून मी ज्या हातावर जळत होते तो हात तिच्या गुडघ्यावर कशासाठी होता, ते मला पन्नास वर्षांनी कळलं. माय माझी होती की तिची, हा माझ्या सगळ्या पोरपणाचा एकच प्रश्न. तो तर मायनं त्याच संध्याकाळी सोडवून टाकला होता, माझ्या बाजूनं. आणि मग माझ्या पसरलेल्या तळहातावर लोणी ठेवायचं काही तिच्यानं झालं नव्हतं.

उठताना वैनीनं विचारलं, माझी रवी हाय का अजून. मी म्हटलं हाय, भिंतीला हाय.

"मंग ती द्या मला. माझ्या बापाच्या हातची हाय."

पुढच्या आठवड्यात मी रवी खाली काढली. भिंतीवर तिच्या आकाराचा फिकट डाग राहिला. आणि खोटं कशाला बोलू, टॉवेलात गुंडाळताना माझ्या मनात पुन्हा तेच आलं, की घरात बघण्यासारखी एकच वस्तू आणि तीही आता तिच्याकडं चालली. एसटीत ती मांडीवर घेऊन बसले. पोचले तेव्हा दुपार होती. वैनीनं टॉवेल सोडला, अंगठ्यानं एकेक पाकळी चाचपली, आठही झाल्यावर पदरानं दांडा पुसला आणि रवी आपल्या खाटेवर भिंतीच्या बाजूला ठेवली. सुनेला चहा टाकायला सांगितला. आम्ही चहा प्यालो, उन्हाचं बोललो, तिच्या गुडघ्याचं बोललो. मी पिशवी उचलली आणि सवयीनं थांबले. कारण तयार होतं, पण या वेळी मी ते सांगणार नव्हते, राहणार होते.

"शेवटची गाडी चारला हाय, वन्सं," वैनी म्हणाली.